जुन्या एमएक्स-५ चं मागचं व्हील बेअरिंग: गाडीवरच बदलावं की नकल काढून प्रेसवर न्यावं?

सह्यकडा (डर्बी, इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९९४ सालची माझदा एमएक्स-५ आहे. पहिली पिढी, १.८ लिटर इंजिन. गेल्या हिवाळ्यापासून मागून घूंऽऽ असा आवाज येतोय. ताशी ३० मैलांच्या आसपास सुरू होतो आणि वेगाबरोबर चढत जातो. क्लच दाबून इंजिन आयडलवर आणलं तरी तो तसाच राहतो, म्हणजे इंजिनाचा संबंध नाही. लांबलचक डाव्या वळणावर वाढतो, उजव्या वळणावर जवळजवळ गप्प होतो. डाव्या वळणात गाडीचा भार उजव्या बाजूला जातो, म्हणून उजवं मागचं बेअरिंग गेलं असं मी धरून चालले आहे.

या गाडीत मागचं बेअरिंग नकलमध्ये (सस्पेन्शनच्या आर्मना जोडलेला, चाक धरणारा ओतीव भाग) दाबून बसवलेलं असतं आणि हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) त्या बेअरिंगमध्ये दाबून बसवलेला असतो. त्यामुळे चार बोल्ट काढले आणि नवा हब लावला असं होत नाही. स्क्रूच्या पुलरचा संच आणून गाडीवरच काम करता येतं. नाहीतर नकल सोडवून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्यायची. तिसरा पर्याय म्हणजे भंगारातून बेअरिंगसकट अख्खी नकल उचलायची, पण जुन्या गाडीच्या नकलमधलं बेअरिंगही तितकंच जुनं असणार, म्हणून तो मी बाजूला ठेवलाय. माझा कल नकल काढण्याकडे आहे. तुमचं काय मत? आणि डावंही सोबत बदलावं का?

---

चाकोरीबाहेर (पुणे)

आधी टायर बघितलेत का? टायर कडेला खवल्याखवल्यांनी झिजला की हुबेहूब असाच आवाज येतो. बेअरिंग फोडण्याआधी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून एक चक्कर मारा. आवाज पुढे सरकला तर पैसे वाचले.

---

सह्यकडा

@चाकोरीबाहेर, हो, ते केलं. आवाज मागेच आहे. चाक उचलून वर-खाली हलवलं तर किंचित प्ले (ढिलेपणा) जाणवतो. आणि स्प्रिंगवर हात ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवलं की उजवीकडे स्प्रिंगमध्ये बारीक खरखर येते. डावीकडे काही नाही.

---

मिशिगनचा माळी

स्प्रिंगवर हात ठेवायची युक्ती सगळ्यात भरवशाची. कानाला जे कळत नाही ते बोटांना कळतं. मग निदान पक्कं धरा.

---

उद्यमनगरी (कोल्हापूर)

ताई, माझं वर्कशॉप आहे, रोज प्रेसवर बेअरिंगं बसतात. ही गाडी मी हातात घेतलेली नाही, पण नकलमध्ये दाबायचं बेअरिंग सगळीकडं एकच न्याय मागतं: जी रिंग घट्ट बसायची आहे, तिच्यावरच दाब द्यायचा.

नकलमध्ये बेअरिंग बसवताना बाहेरची रिंग घट्ट बसते. म्हणून दाब फक्त बाहेरच्या रिंगवर. हब बसवताना आतली रिंग घट्ट बसते. म्हणून त्या वेळी आतल्या रिंगला खालून टेकू द्यायचा आणि मग हब दाबायचा. हे उलटं झालं की सगळा दाब गोळ्यांमधून जातो. काही टनांचा दाब गोळ्यांवर आला की रेसवर (रिंगच्या ज्या खाचेत गोळे फिरतात तिच्यावर) गोळ्यांचे ठसे उमटतात, डोळ्यांना दिसणारसुद्धा नाहीत एवढे बारीक. बेअरिंग नवं, डबा नवा, आणि थोडीशी गाडी चालवली की पुन्हा घूं घूं. मग लोक बेअरिंग बनवणाऱ्याला शिव्या घालतात. बनवणाऱ्याची काही चूक नसते.

काढताना मात्र गोळ्यांवरून दाब गेला तरी चालतो, कारण ते बेअरिंग फेकायचंच आहे. हब बाहेर आला की बहुतेक वेळा बेअरिंगची आतली अर्धी रिंग हबवर चिकटून येते. ती पुलरच्या पातीनं निघाली तर उत्तम. नाही निघाली तर ग्राइंडरनं तिरपा काप घ्यायचा, आरपार नाही, थोडं लोखंड शिल्लक ठेवायचं आणि छिन्नीचा एक ठोका द्यायचा. रिंग कडक पोलादाची असते, टक् करून तडकते. हबच्या शाफ्टवर ग्राइंडरचा ओरखडा जाता कामा नये. गेलाच तर तो बारीक पॉलिश पेपरनं मोडून घ्या, उंचवटा राहू देऊ नका.

मग सर्क्लिप, म्हणजे बेअरिंगला घरात अडवून धरणारी खाचेतली कडी. गंजलेली असली तर आधी तेल टाकून रात्रभर ठेवा. सर्क्लिप न काढता प्रेस मारला तर नकलच फुटते, हे मी बघितलंय. नवीन बेअरिंगबरोबर सर्क्लिप नवीन घ्या, आणि बसल्यावर ती खाचेत पूर्ण फिरते का ते बघा. फिरत नसेल तर बेअरिंग तळाला पोचलेलं नाही.

माझं मत: नकल काढा आणि प्रेसवरच करा. गाडीवर स्क्रूनं करताना सरळ रेषा सांभाळणं अवघड जातं, बेअरिंग तिरकं शिरलं की घर खराब.

---

दर्यावर्दी (रत्नागिरी)

उद्यमनगरी, प्रतिसाद अतिशय आवडला. वाचनखूण साठवली.

---

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

उद्यमनगरी यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही, बाकी सगळ्याशी आहे.

माझ्याकडे पोर्शं ९८६ बॉक्स्टर आहे. तिथेही मागचं बेअरिंग दाबूनच बसतं, फक्त ते धरून ठेवायला सर्क्लिपऐवजी बोल्टांनी आवळलेली पट्टी असते. चांगल्या संचाने मी ते गाडीवरच केलं. संच चांगला म्हणजे बाहेरच्या रिंगच्या मापाची कप-डिस्क, मजबूत बारीक आट्यांचा स्क्रू, आणि स्क्रूच्या नटाखाली थ्रस्ट बेअरिंग. स्वस्त संचाचा स्क्रू ताणला जातो आणि मग बेअरिंग तिरकं शिरतं, तिथे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण चांगल्या संचाचा स्क्रू बेअरिंगच्या मधूनच जातो, म्हणून रेषा आपोआप सांभाळली जाते. प्रेसखाली नकलसारखा वेडावाकडा तुकडा सपाट टेकवणं हीच उलट खरी कसरत असते.

बॉक्स्टरची नकल अ‍ॅल्युमिनियमची आहे. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून हीट गनने तापवल्यावर बेअरिंग आत जाताना फार कुरकुर करत नाही. एमएक्स-५ ची नकल बिडाची आहे, तिथे एवढी मदत मिळणार नाही.

अ‍ॅक्सलचा नट आवळायचा टॉर्क (पिळाचा जोर) मात्र आमच्याकडे जबर असतो, ४६० न्यूटन मीटर. एमएक्स-५ चा किती?

---

मिशिगनचा माळी

मागचा २१६ ते २९४ न्यूटन मीटर. नवीनच नट घ्या, ताई. जुन्याची कड अ‍ॅक्सलच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. काढताना ती आधी बारीक पंचने उचलायची, नाहीतर आटे खराब होतात.

---

गणिती (नागपूर)

तापवणं आणि थंड करणं किती कामाचं, याचा हिशोब मांडतो. लोखंडाचा प्रसरण गुणांक दर अंशाला सुमारे १२ मायक्रॉन प्रतिमीटर. घर ७५ मिमी व्यासाचं धरलं आणि नकल ८० अंशांनी जास्त तापवली, तर व्यास साधारण ७० मायक्रॉनने वाढतो. बेअरिंग घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ पर्यंत गेलं, खोलीचं तापमान २० अंश धरलं, तर त्याचा व्यास सुमारे ३४ मायक्रॉनने कमी होतो. दोन्ही मिळून दशांश मिलिमीटरच्या आसपास फरक पडला. दाबून बसणाऱ्या फिटमध्ये हा फरक खूप मोठा. पण बेअरिंग घरात शिरल्याबरोबर दोघांचं तापमान सारखं होऊ लागतं, म्हणून हात चपळाईने चालले पाहिजेत.

बेअरिंग तापवू नका. ते सीलबंद असतं, आत ग्रीस भरलेलं असतं. तापवायची ती नकल.

---

उद्यमनगरी

गणिती साहेब, बरोबर. फक्त नकल तापवताना गॅसची ज्योत नको, हीट गन बरी. आजूबाजूला रबराचे बुश (सांध्यातल्या गाद्या) असतात, ते जळतात. आणि फ्रीजरमधून काढलेल्या बेअरिंगवर दव धरतं, ते पुसून मगच बसवा.

नेकारकाठ, तुमचं म्हणणं मान्य, चांगला संच असेल तर. पण तसा संच एका कामासाठी विकत घ्यायचा म्हणजे माझ्यासारख्याला दोन नकला प्रेस करून देण्यापेक्षा महाग पडतो.

---

पुरणपोळी (ठाणे)

बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवताना दोन पिशव्यांत ठेवा हो ताई. आमच्या ह्यांनी स्कूटरचं बेअरिंग उकडीच्या मोदकांशेजारी ठेवलं होतं, सासूबाई अजून विचारतात, "मोदकाला तेलाचा वास कसा?"

---

लोहगड

बॉक्स्टरचा विषय निघालाच आहे तर विचारतो. तिचं बेअरिंग गेलं की इंजिन संपतं असं ऐकलंय. ते हेच का?

---

नेकारकाठ

नाही, ते वेगळं. इंजिनाच्या आत मधल्या शाफ्टच्या टोकाला एक बेअरिंग असतं, त्याला आयएमएस बेअरिंग म्हणतात. ते फुटलं की टायमिंग चुकतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. सुरुवातीच्या गाड्यांत ते दोन ओळींचं होतं, २००० सालाच्या आसपास एका ओळीचं आलं, आणि तक्रारी त्याच्याच जास्त. चाकाचं बेअरिंग बरंच दयाळू असतं. ते महिनोन्‌महिने आधी ओरडून सांगतं.

अवांतर: इथून दोन-अडीच तासांवर श्वाइनफुर्ट आहे. १८८३ मध्ये फ्रीडरिश फिशर यांनी तिथे पोलादी गोळे एकसारखे गोल घासणारं यंत्र बनवलं, आणि तिथून हे गाव बेअरिंगचं गाव झालं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचं बेअरिंग उत्पादन एवढं या एका गावात एकवटलं होतं की अमेरिकेने १९४३ मध्ये १७ ऑगस्ट आणि १४ ऑक्टोबरला तिथल्या कारखान्यांवर मोठे हवाई हल्ले केले. दुसऱ्या हल्ल्यात त्यांची ६० बॉम्बर विमानं पडली. रणगाड्यापासून विमानापर्यंत सगळं या गोळ्यांवर फिरतं, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं. तिथे गेलो की मला नेहमी वाटतं, आपण ज्याला खुर्दा समजतो त्यासाठी किती माणसं गेली.

---

चाकोरीबाहेर

अवांतर फार आवडलं. आमच्या चिंचवडलाही एसकेएफचा कारखाना आहे. बेअरिंगवाल्यांच्या कितीतरी घरांनी त्याच्यावर मुलं शिकवली, लग्नं लावली. माझे मामा त्यातलेच. ते बेअरिंग हातात घेऊन बोटाने फिरवायचे आणि कानाजवळ धरायचे, बोलायचे काहीच नाहीत. नापास असेल तर बाजूला ठेवायचे.

त्यावरून सांगतो, बनावट मालापासून सांभाळा. डबा अगदी हुबेहूब असतो. भाव बाजारापेक्षा फारच कमी असेल तर घेऊ नका. बेअरिंगवरचे आकडे पुसट किंवा वेडेवाकडे असतील तर परत करा.

---

मिशिगनचा माळी

सगळे बेअरिंगवर बोलताहेत, पण या गाडीत खरी लढाई बेअरिंगशी होतच नाही. ती होते खालच्या लांब बोल्टशी.

नकल खालच्या आर्मला एका लांब बोल्टने जोडलेली असते. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तुमच्याकडेही टाकतात. तीस वर्षांचं मीठ त्या बोल्टच्या आणि बुशच्या आतल्या नळीच्या मधे जाऊन बसतं आणि दोन्ही एकजीव होतात. नट निघतो, बोल्टचं डोकं फिरतंसुद्धा, पण बोल्टबरोबर बुशची नळीही फिरते, बोल्ट बाहेर येत नाही. काम अर्ध्यावर थांबलेल्या जेवढ्या गाड्या मी बघितल्या, त्यातल्या बहुतेक इथेच थांबल्या होत्या.

म्हणून काम काढायच्या आठवडाभर आधीपासून रोज त्या बोल्टच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल मारा. नवा बोल्ट आणि नट आधीच मागवून ठेवा. कापावा लागला तर गाडी जॅकवर अडकून पडणार नाही. नवा घालताना त्याच्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझ (जाम होऊ न देणारं वंगण) लावा, पुढच्या वेळी हात जोडावे लागणार नाहीत.

दुसरं, आर्मच्या आतल्या टोकाला जे कॅम बोल्ट आहेत त्यांना अजिबात हात लावू नका. चाकाचा कॅम्बर (उभा कल) आणि टो (तोंड आत की बाहेर) त्यांच्यावर ठरतो. बाहेरचा लांब बोल्ट काढल्याने अलाइनमेंट हलत नाही, कॅम हलले तर हलते.

तिसरं, अ‍ॅक्सल हबच्या स्प्लाइनमध्ये (दातेरी खाचांमध्ये) चिकटला असेल तर त्याच्या टोकावर हातोडा मारू नका. आटे मशरूमसारखे पसरतात आणि धक्का आत डिफरेन्शियलपर्यंत जातो. चाकाच्या स्टडना धरणारा पुलर लावून सावकाश ढकला.

---

दर्यावर्दी

मिठावरून. आमच्याकडे मीठ रस्त्यावर टाकत नाहीत, हवेतच असतं. किनाऱ्यावरच्या गाडीचे बोल्ट असेच जाम होतात. मिशिगनकर म्हणतात तसं आठवडाभर तेल देणं हाच उपाय, घाईत काही होत नाही.

---

लोहगड

अ‍ॅक्सलचा नट गाडी जमिनीवर असताना सोडवायचा की उचलून? मी नेहमी जमिनीवर सोडवतो, चाक आपोआप धरलं जातं.

---

गणिती

यात एक मुद्दा आहे. हे बेअरिंग दोन ओळींचं, कोनातून भार घेणारं असतं. आतली रिंग दोन तुकड्यांत असते आणि नटच त्या दोघींना एकमेकींवर दाबून धरतो. त्या दाबामुळेच आतला ढिलेपणा जातो. नट सैल असताना गाडीचा भार चाकावर आला, त्यातही गाडी ढकलली, तर गोळे रेसच्या कडेवर चढतात. जुनं बेअरिंग फेकायचंच असेल तर काही बिघडत नाही. पण नवं बसवल्यावर नट पूर्ण टॉर्कला आवळल्याशिवाय चाक जमिनीवर टेकवू नका.

---

लोहगड

मग आवळताना चाक धरणार कोण?

---

सह्यकडा

ब्रेकवर दुसरं माणूस बसवायचं. डिस्क आणि कॅलिपर लावून झालं की कुणीतरी पेडल दाबून ठेवतं, आपण टॉर्क रेंचने आवळतो. इम्पॅक्ट गनने आवळू नये असं बेअरिंग बनवणारेही सांगतात.

---

उद्यमनगरी

अगदी बरोबर ताई. सोडवायला गन, आवळायला हात.

---

गणिती

अजून एक विचारायचं राहिलं. गाडीला मूळ चाकं आहेत की रुंद? स्पेसर (हब आणि चाकामधली जाड चकती) लावलेत का?

विचारतोय कारण या गाडीची मूळ १४ इंची चाकं ४५ मिमी ऑफसेटची (हबला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यरेषेपासून तितकी बाहेर) होती, म्हणजे टायरची मध्यरेषा बेअरिंगच्या जवळ राहायची. ऑफसेट कमी केला किंवा स्पेसर लावला की तीच मध्यरेषा बाहेर सरकते आणि बेअरिंगवर तरफेसारखा भार येतो. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. भार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्शावर येतं. भार सव्वापट झाला तरी आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. दिसायला पंधरा-वीस मिलिमीटरची गोष्ट वाटते, पण बेअरिंगला ती तशी नसते.

---

सह्यकडा

आधीच्या मालकाने मागे स्पेसर लावले होते, ते अजून आहेत. गाडीला शोभतात हे खरं, पण हे वाचल्यावर ते काढून टाकते.

---

चाकोरीबाहेर

शोभेपेक्षा गाडी सरळ चालणं बरं. +१

---

मिशिगनचा माळी

मूळ प्रश्न राहूनच गेला, डावंही बदलावं का. माझं मत, बदला. नवं-जुनं असं जोडीत ठेवू नये.

---

उद्यमनगरी

मी इथं वेगळा बोलतो. बेअरिंग काही ब्रेक पॅड नाही की जोडीनंच बदलावं. एका बाजूचं नवं आणि दुसऱ्या बाजूचं जुनं असलं म्हणून गाडी ओढत नाही. डावं गप्प आहे, खरखर नाही, प्ले नाही, तर त्याला हात लावू नका. चांगलं बसलेलं बेअरिंग उगाच काढायचं म्हणजे चांगल्या घरात भांडण लावणं. त्यातून मिशिगनच्या साहेबांचा तो लांब बोल्ट डावीकडंही आहेच.

---

नेकारकाठ

या वेळी मी उद्यमनगरींच्या बाजूने. फक्त डाव्या बाजूच्या लांब बोल्टलाही आतापासून तेल देत राहा, वेळ आली तर उपयोगी पडेल.

---

सह्यकडा

मंडळी, काम झालं.

नकल काढूनच केलं. लांब बोल्ट तेलावर ठेवल्यावरही हटला नाही. शेवटी आर्म आणि नकलच्या फटीत करवतीचं पातं घालून दोन्हीकडून कापावा लागला. नवा बोल्ट आणि बुश हाताशी होते म्हणून त्याच शनिवारी काम पुढे सरकलं. मिशिगनकर, हा सल्ला तुमचा, आणि सगळ्यात मोलाचा ठरला.

इथल्या एका छोट्या वर्कशॉपने प्रेस करून दिलं. त्यांचा माणूस हब बसवताना नकल नुसतीच टेकवून दाबायला निघाला होता. मी त्याला आतल्या रिंगखाली मापाची नळी ठेवायला सांगितलं. त्याने क्षणभर बघितलं आणि मान डोलावून नळी शोधून आणली. उद्यमनगरी, ते तुमच्यामुळे.

जुन्या बेअरिंगची आतली रिंग हबवर राहिली होती, ती तिरपा काप घेऊन काढली. रेसवर एका बाजूला पत्रा सोलल्यासारखे खड्डे पडले होते. नेमके बाहेरच्या ओळीत, चाकाच्या बाजूला. गणिती, स्पेसरचा तुमचा अंदाज त्याच्याशी जुळतो. स्पेसर काढलेत.

कॅलिपर पूर्ण वेळ तारेने स्प्रिंगला टांगून ठेवला होता, ब्रेकच्या होजवर त्याचं वजन येऊ दिलं नाही. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून मगच शेवटचे आवळले, म्हणजे बुश पीळ खाऊन बसणार नाहीत.

गाडी आता ताशी ७० मैलांवर शांत आहे. डावं बदललं नाही.

---

लोहगड

अभिनंदन! माझ्या मित्राच्या याच गाडीचं पुढचं बेअरिंग आवाज करतंय. तिथेही प्रेस लागेल का?

---

मिशिगनचा माळी

नाही. पुढे हब आणि बेअरिंग एकत्रच येतात. ब्रेक काढायचा, मधला नट सोडायचा, जुना हब स्पिंडलवरून ओढून काढायचा आणि नवा सरकवायचा. नट नवा, टॉर्क १६७ ते २१६ न्यूटन मीटर, आणि कड खाचेत ठोकायला विसरू नका. दुपारच्या चहाच्या आत होतं. त्यांना पुढच्या चाकाने सुरुवात करू दे, हात बसेल.